दाण्याचे गिऱ्हाईक

दिवाळी आटोपली की येवला, लासलगाव, सिल्लोड, चाळीसगाव इथल्या बाजार समित्यांत मक्याच्या ट्रॉल्यांची रांग लागते. व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून तळातले दाणे वर काढतो, एखादा दाताखाली फोडून ओल किती आहे ते पाहतो आणि भाव पुकारतो. ज्याने मका पिकवला तो हिशेबाची पट्टी घेऊन घरी जातो. त्या मक्याचे पुढे काय होते, याचा विचार करायला त्याला सवड नसते. महाराष्ट्रात भाकरी ज्वारीची नाहीतर बाजरीची. मक्याची भाकरी सातपुड्याच्या पट्ट्यात, तीही थोडीफार. तरीही दर खरिपात लाखो हेक्टरांवर मका उभा राहतो आणि विकलाही जातो, कारण त्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे कोंबडी आहे.

हे गिऱ्हाईक किती खाते, त्याचा हिशेब एकदा मांडून बघावा. पाच हजार पक्ष्यांचे एक साधे ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचे, शेड घ्या. दोन किलोचा पक्षी तयार व्हायला साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य लागते, म्हणजे एका बॅचला सतरा टनांच्या आसपास. वर्षात पाच बॅचेस निघाल्या तर पंच्याऐंशी टन. त्यातला साठ टक्के मका धरला तर पन्नास टन मका एका शेडात जिरतो. आपल्याकडच्या पावसावरच्या मक्याचे उत्पादन हेक्टरी अडीच टन धरले, तर वीस हेक्टर म्हणजे पन्नास एकरांचे पीक झाले. गावाच्या कडेला पत्र्याचे एक शेड उभे असते आणि पन्नास एकर मका त्याच्यासाठी पिकत असतो.

कोंबडीपालनाला आपण ‘शेतीचा जोडधंदा’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे शेडाचा मालक असतो. मला वाटते, तिथेच आपली नजर तोकडी पडते. ज्याच्या दारात एकही कोंबडी नाही, अशा मका आणि सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचा भावही कोंबडीच्या भुकेवर चढतो-उतरतो. राज्याच्या शेतीतले कोंबडीचे महत्त्व मोजायचे तर शेडापाशी न थांबता खाद्याच्या गोणीपासून मागे शेतापर्यंत जावे लागते.

आधी ही भूक एवढी वाढली कशी ते पाहू. १९५०-५१ साली देशात वर्षभरात जेमतेम १८३ कोटी अंडी होत. माणशी पाचच्या आसपास. २०२३-२४ मध्ये हा आकडा १४,२७७ कोटींवर गेला, माणशी १०३. या वाढीमागे कोंबडीच्या स्वभावात झालेला बदल आहे. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते, अंड्यांवर बसते, पिल्ले काढते, ती मोठी होईपर्यंत त्यांना घेऊन उकिरडा उकरत हिंडते आणि या सगळ्या काळात अंडे देत नाही. लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या, संकरित कोंबडीतून हा खुडूकपणाच निवडीने काढून टाकला. ती अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला तीनशेच्या पुढे अंडी देते. पिल्ले काढायचे काम यंत्राकडे गेले.

या बदलात पुण्याचा वाटा मोठा आहे. खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र होतेच. कोल्हापूर, नागपूर, औरंगाबादलाही तशी केंद्रे निघाली. पण धंद्याला खरा वेग आला तो डॉ. बी. व्ही. राव यांच्यामुळे. १९७१ मध्ये त्यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुण्याला मुख्य ठाणे केले. अमेरिकेतल्या बॅबकॉक आणि कॉब या जातींचे मूळ पक्षी आणून, इथल्या हवेला मानवतील अशा पिढ्या तयार करून त्यांनी पिल्ले शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवली. त्यांचे दुसरे काम मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. त्या काळी अंड्याचा भाव मोठ्या शहरांतले व्यापारी ठरवत. उन्हाळ्यात खप घटला की भाव उत्पादनखर्चाच्या खाली जाई आणि फार्म बंद पडत. १९८२ मध्ये रावांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली आणि अंड्याचा भाव पिकवणाऱ्याने जाहीर करायचा, असा पायंडा पडला. आजही शेकडा अंड्यांचा समितीचा भाव रोज निघतो. तो कुणावर बंधनकारक नाही, पण सौदा त्याच्यापासून सुरू होतो. रविवार असो वा सोमवार, रोज अंडे खा म्हणणारी दूरदर्शनवरची जाहिरात याच समितीची. कांद्याला, टोमॅटोला जे आजवर जमलेले नाही ते अंड्याने चाळीस वर्षांपूर्वी केले.

ब्रॉयलरची कथा वेगळ्या वाटेने गेली. महाराष्ट्रात नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, रायगड या पट्ट्यात आज जी शेडे दिसतात, त्यातली बहुतेक कराराची आहेत. हा धंदा समजून घ्यायचा तर शेडात पिल्ले येतात त्या दिवशी जायला हवे.

आदल्या बॅचचे लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेले जुने तूस, काढलेले असते, जमीन धुऊन चुना मारलेला असतो. भाताचे तूस दोन-तीन इंच पसरलेले, त्यावर कागद आणि पत्र्याच्या पट्ट्यांची गोल रिंगणे. बाजूच्या जाळीला पडदे बांधलेले. पिल्ले यायच्या काही तास आधीच बल्ब पेटवून तुसाला ऊब आणायची; तळहात लावला तर तूस कोमट लागले पाहिजे. गाडी येते, भोके पाडलेले खोके उतरतात, एकेका खोक्यात शंभर आणि वर दोन-चार पिल्ले. पिल्लाचे वजन चाळीस ग्रॅम. पहिल्यांदा पाणी, बहुतेक ठिकाणी गुळाचे, आणि मग कागदावर भुरभुरलेले बारीक खाद्य. यानंतरची रात्र शेतकरी झोपत नाही. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे. रिंगणाच्या कडेला जाऊन चोची उघडून बसली तर ताप जास्त झाला. सगळ्या रिंगणात विखरून चोच मारत असली तर बरे चालले आहे. पडदा वीतभर खाली घ्यायचा की वर, हे तो पिल्लांकडे पाहून ठरवतो. पहिल्या सात दिवसांत पिल्लू पावणेदोनशे ग्रॅमच्या पुढे गेले तर बॅच साधली. मागे राहिले तर ती तूट पुढे भरून निघत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडी रोगावरची लासोटा लस, मग गंबोरो रोगावरची. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास एका रात्री लिफ्टिंग होते, म्हणजे तयार पक्षी उचलले जातात. अंधारात पक्षी शांत असतात म्हणून रात्री. काट्यावर क्रेट चढतात, वजने पुकारली जातात आणि पहाटेपर्यंत शेड रिकामे.

पिल्ले, खाद्य, औषध आणि देखरेखीला सुपरवायझर हे सगळे करार करणाऱ्या कंपनीचे. शेड, भांडी, पाणी, वीज, तूस आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. विक्री कंपनीची. शेतकऱ्याला मिळतो तो किलोमागे वाढवणावळीचा दर. साधारण सहा ते आठ रुपये धरा. पाच हजारांच्या शेडातून दहा टन माल निघाला तर साठ ते ऐंशी हजार रुपये झाले, त्यातून वीज, तूस, मजुरी आणि शेडाच्या कर्जाचा हप्ता जायचा. पण दोन महिन्यांच्या आत हातात रोख येते, बाजारभावाची धास्ती नसते, आणि कोरडवाहू शेतीत याची किंमत फार मोठी आहे. ज्याच्या चार एकरांत पाऊस झाला तर पीक आणि नाही झाला तर उसनवारी, अशा घरात वर्षाला पाच वेळा पट्टी येऊ लागली की मुलीच्या कॉलेजची फी वेळेवर भरली जाते, खताची उधारी कमी होते. शेडातले लिटरही घरच्या शेतात जाते किंवा विकले जाते. द्राक्षाच्या आणि उसाच्या पट्ट्यात कोंबडी खताला आगाऊ मागणी असते.

करारात शेतकऱ्याची बाजू जिथे लंगडी पडते, तीही सांगितली पाहिजे. त्याचा दर एफसीआरवर ठरतो, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य गेले त्यावर. हा आकडा १.६ राहिला तर शाबासकी, १.८ वर गेला तर कपात. व्यवस्थापन ढिले असेल तर आकडा बिघडतो हे खरे. पण पिल्लू कोणत्या प्रतीचे आले आणि गोणीत खाद्य कसे आले, हे दोन्ही त्याच्या हातात नाही, आणि आकडा त्यांच्यावरही तितकाच अवलंबून आहे. गोणीतल्या खाद्याचा नमुना दोघांच्या सह्यांनी सील करून तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासता यावा, दोन बॅचमध्ये शेड किती दिवस रिकामे ठेवता येईल याची मुदत करारात असावी, आणि करार मराठीत असावा, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी निम्मी भांडणे मिटतील. शेडावर पंधरा-वीस लाखांचे कर्ज काढलेला माणूस कंपनीने सहा महिने पिल्ले दिली नाहीत तर कुठे दाद मागणार? त्याचे शेड दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचे नसते.

या धंद्याची लय मराठी पंचांगाशी बांधलेली आहे. आषाढाच्या अखेरीला, गटारीच्या आठवड्यात, चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात. दुसऱ्याच दिवशी श्रावण लागतो आणि खप कोसळतो. मग गणपती, मध्ये पितृपक्ष, पुढे नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. घरात हे वार पाळणाऱ्यांना कल्पना नसते, पण त्या पाळणुकीचा हिशेब कुठेतरी दोन महिने आधी झालेला असतो. अंडे यंत्रात एकवीस दिवस, पिल्लू शेडात चाळीस दिवस. म्हणजे गटारीला विकायच्या पक्ष्याचे अंडे वैशाख संपता संपता किंवा ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच यंत्रात जायला हवे. अधिक महिना आला की सगळी गणिते सरकतात. आणि अंदाज चुकला तर तयार पक्षी गोदामात ठेवता येत नाही. तो रोज खातो, वजन वाढवतो, आणि अडीच किलोच्या पुढे गेला की दुकानदार नाक मुरडतो. भाव पडलेला असतानाही म्हणूनच विकावे लागते.

अफवा आणि रोगराई मात्र कुठल्या पंचांगात नसतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. गुजरातच्या सीमेवरचे हे गाव अंड्यांच्या फार्मसाठी नावाजलेले. लाखो पक्षी मारून पुरावे लागले, अंडी नष्ट केली गेली. विषाणू सापडला थोड्याच ठिकाणी, पण चिकन आणि अंड्यांचा खप देशभर बसला, आणि त्याचा धक्का जिथे एकही पक्षी आजारी नव्हता अशा शेडांनाही लागला. २०२१ च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आणि पुन्हा नवापुरात तीच पाळी आली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगही नव्हता. चिकन खाल्ल्याने करोना होतो, एवढी एक खोटी बातमी फोनवरून फिरली आणि शेडावरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली आला. काहींनी पक्षी फुकट वाटले, हॅचरीवाल्यांनी पिल्ले खड्ड्यात घातली. त्या दोन महिन्यांत मक्याचा भावही पडला. ज्या शेतकऱ्याने चिकनबद्दलची अफवा वाचलीही नव्हती, त्याच्या कणग्यातला माल स्वस्त झाला.

मक्याबरोबर सोयाबीनही याच दावणीला आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे. राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या घरात सोयाबीन असते. विदर्भ-मराठवाड्याच्या निम्म्या शिवारात दुसरे काही दिसत नाही. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो. पण शंभर किलो दाणे गाळले की तेल निघते अठरा किलो आणि पेंड ऐंशी किलोच्या पुढे. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव ठरतो तेव्हा तेलाइतकाच पेंडीचा विचार होतो, आणि पेंडीचा देशातला मोठा खप कोंबडी खाद्यात. मका पोटाला, पेंड अंगाला, असे हे खाद्य असते. ऊर्जा मक्यातून, प्रथिने पेंडीतून. कोंबडीच्या एकूण खर्चात खाद्याचाच वाटा पासष्ट-सत्तर टक्के.

हे नाते दोघांनाही कसे भारी पडू शकते, ते २०२१ साली दिसले. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. शेतकऱ्याला असा भाव कधी मिळाला नव्हता. पण तेव्हा त्याच्याकडे माल उरलेलाच नव्हता. आधीचा कधीच विकला गेला होता आणि नवा शेतात उभा होता. पेंड महागली तशी अंडी आणि चिकनवाले तोट्यात गेले आणि आयातीची मागणी झाली. ऑगस्टच्या अखेरीला केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येते न येते तोच भाव खाली घसरले, आणि लातूर-अकोल्यात कोंबडीवाल्यांच्या नावाने बोटे मोडली गेली. त्याच काळात नाशिक-सांगलीचे कोंबडीवाले खाद्याच्या बिलाने मेटाकुटीला आलेले. दोघेही शेतकरीच, दोघांचे दुखणेही खरे. पण आयातीचा निर्णय पेरणीच्या आधी किंवा बाजारातली आवक संपल्यावर घेतला असता तर एवढे नुकसान झाले नसते. तो ऐन काढणीच्या तोंडावर घेतला गेला, हे माझ्या मते त्यातले खरे दुखणे.

तीन वर्षांत पारडे फिरले. इथेनॉलसाठी मक्याला सरकारने चांगला भाव बांधला. जानेवारी २०२४ पासून मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला. आसवन्या मका उचलू लागल्या आणि मक्याच्या भावाला आधार मिळाला. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा मात्र पशुखाद्यात येऊ लागला, स्वस्तात. त्याने सोयाबीनच्या पेंडीची जागा खाल्ली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास विकावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते. इंधनाचे धोरण दिल्लीत ठरते, आसवनी बिहारमध्ये चालते आणि भाव हिंगोलीत पडतो. या साखळीतला एक मोठा दुवा कोंबडीचे पोट आहे, हे लक्षात न घेता सोयाबीनच्या भावावर बोलणे अर्धवट राहते.

आता अंड्यांकडे येऊ, कारण महाराष्ट्राची मोठी चूक इथे आहे. मांसाच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिल्या तिघांत आहे. अंड्यांत पहिल्या पाचांतही नाही. तिथे आंध्र प्रदेश, तमिळनाडू, तेलंगणा, पश्चिम बंगाल, कर्नाटक. २०२३ च्या जानेवारीत पशुसंवर्धन विभागानेच सांगितले होते की राज्याला रोज सव्वादोन कोटी अंडी लागतात आणि होतात एक ते सव्वा कोटी. उरलेली तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडूतून ट्रकने येतात. आपली पेंडही शेजारच्या राज्यांत जातेच. म्हणजे सोयाबीन पिकवायचे आपण, त्याची पेंड भाडे भरून बाहेर पाठवायची, आणि त्याच पेंडीवर झालेली अंडी भाडे भरून परत आणायची. डॉ. रावांच्या पुण्याच्या राज्यात हे व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही तूट भरली तर काय होईल? रोज एक कोटी अंडी जास्त हवी असतील तर सव्वा कोटीच्या आत-बाहेर कोंबड्या लागतील. एक लेअर दिवसाला एकशे दहा ग्रॅम खाते. वर्षाचे खाद्य झाले पाच लाख टनांच्या जवळपास. त्यात मका अडीच लाख टनांहून अधिक, आणि पेंड एक लाख टनाच्या वर. तेवढ्या पेंडीसाठी सोयाबीन लागेल सव्वा लाख टन. आपल्या कोरडवाहू शेतीच्या हिशेबाने हे एक लाख हेक्टरांचे पीक आहे, आणि ते घेणारे गिऱ्हाईक जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असेल.

मग लेअरची शेडे आपल्याकडे का वाढली नाहीत? ब्रॉयलर चाळीस दिवसांत पैसे मोकळे करते. लेअरला आधी साडेचार-पाच महिने नुसते खाऊ घालावे लागते, अंडे एकही नाही. पिंजरे, खाद्य कालवायचे यंत्र, पाण्याची सोय यांत मोठे भांडवल गुंतते. कराराची पद्धत ब्रॉयलरला जशी लाभली तशी लेअरला लाभली नाही. तरी सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला आणि नवापुरात शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर अंड्यांचे फार्म उभे केले. बाकी ठिकाणी बँक दारातूनच परत पाठवते.

परसातल्या कोंबडीने ही तूट भरणार नाही, पण तिचे मोल वेगळ्या मापाने मोजायचे असते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत घरोघरी डालग्याखाली चार-सहा कोंबड्या असतात. त्यांचा पैसा बाईच्या हातात येतो, नवऱ्याला विचारावे लागत नाही. गावरान अंडे फार्मच्या अंड्यापेक्षा दुपटीने विकले जाते आणि दवाखान्याला जायचे झाले की एक कोंबडी विकून एसटीचे भाडे निघते. गिरिराज, वनराज अशा सुधारित पक्ष्यांनी परसातले अंड्यांचे उत्पन्न वाढले. सगळ्यात मोठा शत्रू आजही मानमोडी. १९२८ च्या सुमारास कुमाऊंमधल्या राणीखेतला हा रोग ओळखला गेला म्हणून पुस्तकात त्याचे नाव राणीखेत. उन्हाळ्याच्या तोंडावर तो आला की वाडीच्या वाडी रिकामी होते. लस स्वस्त आहे; पण ती शंभर-दोनशे पक्ष्यांच्या बाटलीत येते आणि एका घरी असतात सहा. बचत गटाने वाडीतल्या सगळ्या कोंबड्यांना एका संध्याकाळी लस टोचून घेतली तर हा प्रश्न सुटतो. जिथे हे झाले तिथे दुसरे कुठलेही अनुदान न देता बायकांचे उत्पन्न वाढले.

अंड्यांच्या तुटीवर परत येतो, कारण तिचे उत्तर शेजारीच आहे. तमिळनाडूतल्या नामक्कलला मका-सोयाबीनचे माहेर म्हणता येणार नाही. खाद्याचा कच्चा माल बाहेरून येतो. तरी तो देशातला अंड्यांचा एक मोठा जिल्हा झाला. ट्रकच्या बांधणीसाठी आणि वाहतुकीसाठी हे गाव आधीच नावाजलेले होते, तोही भाग आहे. पण मला वाटते, निर्णायक ठरली ती सरकारची खरेदी. १९८९ मध्ये त्या राज्याने शाळेच्या जेवणात अंडे आणले आणि २०१० मध्ये आठवड्याला पाच अंडी केली. बाजार चढो, उतरो, शाळेची ऑर्डर ठरलेली. एवढ्या भरवशावर बँकेने कर्ज दिले आणि शेतकऱ्याने शेड वाढवले.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले. मुलाच्या ताटातले अंडे गेले, हे त्यातले सगळ्यात वाईट. पण शेतीच्या बाजूनेही हा निर्णय चुकीचा आहे. दर दहा लाख मुलांमागे आठवड्याला एक अंडे म्हणजे दीड-पावणेदोन लाख कोंबड्यांना शाळा चालू असेतो हमीचे काम. आठवड्याला तीन अंडी केली आणि ती त्याच जिल्ह्यातल्या शेडातून पाच वर्षांच्या कराराने घेतली, तर लेअरच्या धंद्याला ज्याची उणीव आहे तो खात्रीचा खप मिळतो.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला शेतीचा दर्जा दिला. पंचवीस हजारांपर्यंतचे ब्रॉयलर आणि पन्नास हजारांपर्यंतचे लेअर पक्षी असलेल्या शेडांना वीज, कर्जाचे व्याज आणि ग्रामपंचायतीचा कर यांत शेतीसारखी वागणूक मिळावी, असा तो निर्णय आहे. कोंबडीवाल्यांची ही जुनी मागणी होती. शेडाला शेतीपेक्षा चढ्या दराने वीजबिल आणि कारखान्यासारखी घरपट्टी येत असे, आणि ते भरणारा माणूस मात्र सातबाऱ्यावर शेतकरीच होता.

मराठवाड्यात लेअरची शेडे काढा म्हटले की उन्हाळ्याचा मुद्दा निघतो, आणि तो रास्त आहे. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशीपार गेला की ती चोच उघडून धापा टाकते, खाणे सोडते, अंड्याचे कवच पातळ होते, आणि दुपारच्या दोन तासांत वीज गेली तर शेकड्याने पक्षी मरतात. पण शेडाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, छताला चुना आणि वर उसाच्या पाचटाचा थर दिला, आत पंखे आणि फॉगर चालवले तर नुकसान आवाक्यात राहते. पंखे आणि फॉगर विजेवर चालतात, आणि आजवर तिचे बिल जड जात होते. शेतीच्या दराने वीज लातूर, हिंगोली, वाशीममधल्या शेडांपर्यंत खरोखर पोहोचली, मे महिन्याच्या दुपारी ती टिकली आणि पुढच्या वर्षी शाळांची अंडी जिल्ह्यातूनच घ्यायचे ठरले, तर पेंडीची गिरणी, कोंबडीचे शेड आणि सोयाबीनचे शेत एकाच तालुक्यात येतील. शेडातले खतही मग त्याच शिवारात, पुढच्या खरिपाच्या आधी, पडेल.